नळाला पाणी होतं का?

४ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी साडेसहाला बाथरूमच्या दाराशी ओलीत पाय पडून मी सपशेल आडवा झालो. कंबर वाचली, कोपर सोलवटलं आणि अब्रू गेली, कारण मिरी समोर बसून सगळं बघत होती. ओल पाण्याची नव्हती. वासावरून कळलंच.

मिरी म्हणजे आमची कुत्री. आमची म्हणजे हिची. आणि ही म्हणजे माझी बायको. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला नावाने हाक मारायची वेळ आली नाही, तर वहीत कशाला लिहू?

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधली. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि सांगायचं, इथे खणा. दहात नऊ वेळा पाइप तिथेच फुटलेला असायचा. निवृत्त होताना एक कोरी नोंदवही घरी आणली होती. तारीख, वेळ, ठिकाण, कारण, उपाय असे रकाने छापलेली. आज ती बाहेर काढली. आमचे साहेब म्हणायचे, "कुणी 'गळती शून्य' असा रिपोर्ट आणला, की शाबासकी द्यायच्या आधी विचारा, नळाला पाणी होतं का?" पाणीच बंद असेल तर गळणार काय! सगळं खातं हसायचं.

ही धावत आली. मला उठवायच्या आधी हिने ओलीवर फडकं टाकलं. "माझ्याच हातून पाणी सांडलं असेल हो," म्हणाली. मी म्हटलं, "पाण्याला असा वास येत नाही. तुझ्या लाडकीचे प्रताप आहेत. उगाच पाठीशी घालू नकोस." हिने फरशी तीनदा पुसली.

६ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा तेच. काल एक, आज दोन.

खात्यात पद्धत होती. रस्त्यावर ओल दिसली की तिच्याभोवती खडूने गोल काढायचा, आत नंबर आणि तारीख घालायची. दुसऱ्या दिवशी ओल गोलाच्या बाहेर आली, तर गळती वाढतेय. आजपासून तेच घरात सुरू केलं. हिला बजावून सांगितलं, ओल पूस, गोल पुसायचा नाही. "अहो, येणारे-जाणारे बघतील," ही म्हणाली. मी म्हटलं, "बघू देत की. कुत्र्याला कसली आलीय लाज?"

आईची आठवण झाली. सात वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षात, आईचंही असंच चालायचं. रोज चादरी बदला. डॉक्टर वयाचं निमित्त सांगायचे. मी ओळखून होतो, हट्ट होता तिचा. एकदा चार पाहुणे बसलेले असताना तिने खुर्चीवरच केलं, तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "आई, तू हे मुद्दाम करतेस." कडू बोललो, पण औषध कडूच असतं, आणि लागू पडलं. त्या दिवसापासून आईने पाणी पिणंच कमी केलं. चादरी कोरड्या राहायला लागल्या. दोन महिन्यांनी गेली. अंगात पाणी उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. हट्टी बाई, शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मिरीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पंधरा मिनिटांच्या रस्त्यात ती सहा वेळा बसली. दर वेळी दोन थेंब. शेवटचा थेंब गुलाबी. आत जाऊन बसलो तर स्वतःला चाटत बसली. एवढं सगळं माझ्या नजरेस आधी पडलं नाही, कारण तिला फिरवायचं काम हिचं. गेले कित्येक दिवस ही तिला लांब नेतच नाही, कोपऱ्यावरून परत येते. विचारलं तर म्हणते, पाय दुखतात.

डॉक्टरीणबाई वयाने लहान पण चटपटीत. पोट दाबून बघितलं, एका पसरट भांड्यात नमुना धरला, पट्टी बुडवली, काचेखाली बघितलं. म्हणाल्या, "लघवीच्या मार्गात जंतू झालेत. माद्यांमध्ये जास्त होतं. तिला जोर लागतो, जळजळतं, धरवत नाही. चूक नाही तिची, आजोबा." आजोबा! दहा दिवसांच्या वीस गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. कितीही बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. पाणी भरपूर द्यायचं. शिवाय माहितीचा एक कागद दिला.

घरी येऊन तो कागद हिला मोठ्याने वाचून दाखवला. वारंवार जावंसं वाटणं, थोडी थोडी होणं, जळजळ, उग्र वास, घरात नकळत होणं. ही पोळपाट पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "माणसांना पण असंच होतं का हो?"

"होत असेल. माणसांचं का विचारायला गेलो होतो मी?"

"आणि गोळ्या? त्यांना पण ह्याच असतात का?"

"औषध तेच, माप वेगळं, वजनावर असतं, असं त्या बाईच सांगत होत्या दुसऱ्या कुणाला. तू काय दवाखाना काढतेस का?"

हसली. गोळ्यांचं पाकीट मात्र लगेच हातातून घेतलं. "मी देत जाईन, तुमच्या हातून नाही खायची ती." खरंय. मी जवळ गेलो की ती कान पाडते.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज डोकं फिरलं. गोळ्यांचं पाकीट सहज हाती लागलं, सवयीने मोजल्या. आठ तारखेच्या संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत दहा गोळ्या जायला हव्यात. दहा उरायला हव्यात. पाकिटात चार.

तडक दवाखान्यात गेलो आणि कंपाउंडरला चांगला फैलावर घेतला. आजारी जनावराच्या तोंडचं औषध चोरता, लाजा नाही वाटत? तो म्हणाला, "काका, तुमच्यासमोर मोजल्या होत्या." मी म्हटलं, "एकतीस वर्षं मोजमापात गेली माझी, मला शिकवू नकोस." सगळे बघत होते, एक बाई मांजर घेऊन बाहेर गेली. डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने सहा गोळ्या दुसऱ्या पाकिटात घालून दिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतः द्या."

हिला सांगितलं तर हिचा चेहरा पांढराफटक. "अहो, त्याला कशाला बोललात? मिरीने थुंकल्या असतील दोन-चार." मी म्हटलं, "थुंकलेली गोळी घरात कुठे तरी सापडेल. हवेत विरते का?" त्यावर "चुकलं माझं" म्हणाली आणि आत गेली. हिचं काय चुकलं? जिथे-तिथे माफी मागायची खोडच आहे हिला.

आता पाकीट माझ्या कपाटात, कुलपात. गोळी मी पावात घालून देतो. खाते मुकाट.

१७ फेब्रुवारी, रविवार

मिरी बाहेर एकदम ठणठणीत. एकदाच बसते, मोकळी होते, जोर नाही, थेंब नाही, चाटणं नाही. आणि घरात? आज सकाळी गोल नंबर अकरा आणि बारा. बाहेर शहाणी, घरात नाठाळ. याला आजार म्हणत नाहीत, याला मुद्दाम म्हणतात.

दुपारी बसून घराचा नकाशा काढला. पट्टीने, मापात. त्यावर बाराही गोल मांडले. नकाशा बघून माझा मीच खूश झालो. सगळे गोल एका रेषेत आहेत! हिच्या पलंगाच्या कडेपासून बाथरूमच्या दारापर्यंत, आणि बहुतेक सगळे दारापासून दोन पावलांवर. म्हणजे बया निघते बाथरूमकडेच, पण पोहोचत नाही. कुत्र्याला एवढी अक्कल कुठून आली, कौतुकच आहे. नकाशा भिंतीवर चिकटवला आणि हिला बोलावून समजावून सांगितला. ही मग म्हणाली, "काढा ना तो. जेवताना समोर येतो."

"तुला नाही लाज, तिला नाही लाज, नकाशाला कशाला असेल?" मी म्हटलं. गंमत केली. हिला हल्ली गंमत कळत नाही.

धाकटीचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, फोन आला होता, दोन दिवस राहायला ये म्हणून. ही नाही म्हणाली. पूर्वी बहिणीकडे जायचं म्हटलं की आदल्या दिवशी पिशवी भरलेली असायची. आता म्हणे, दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही. हिच्या गादीखाली मेणकापड दिसलं. विचारलं तर, गादीला ओल येते म्हणाली. बरोबर आहे, ती कुत्री तिथेच पडलेली असते ना.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

गोळ्या कधीच्या संपल्या, गोल मात्र सतरा झाले. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, ताजा नमुना आणा, सकाळचा पहिला. मागून पळी धरायची, धार सुरू झाली की मधली धार झेलायची. जमिनीवरचा अजिबात चालणार नाही.

सांगायला काय जातं? जुन्या काठीला पळी बांधून पाऊण तास तिच्या मागे फिरलो. ती बसायला आली की मी वाकायचो, मी वाकलो की ती उठायची. शेवटी पळीकडे, मग माझ्याकडे अशी बघायला लागली, की वेड लागलंय ते नेमकं कुणाला, असा मलाच प्रश्न पडला. समोरच्या गॅलरीतले शिंपीबुवा ओरडले, "काय हो, भाजीला फोडणी घालताय काय?" निमूट घरी आलो.

बाथरूमच्या दाराशी गोल नंबर अठराची ओल ताजी होती. फरशी स्वच्छ, हिने कालच पुसलेली. पिचकारीने ओढून घेतलं, उकळलेल्या बाटलीत भरलं आणि देऊन आलो. बाईंनी विचारलं, "पळीत धरलात ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय, मधली धार." पिकल्या केसांच्या माणसाने एका पोरीपुढे कुत्र्याकडून हरलो म्हणून कबूल करायचं का?

२३ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातून बोलावणं आलं, मिरीला घेऊन या. नमुन्यात जंतू सापडले, आणि साखर सापडली. थोडीथोडकी नाही, पट्टीचा रंग शेवटच्या टोकाला गेला. बाईंनी मिरीचं रक्त तपासलं. रक्तात साखर अगदी जेवढी हवी तेवढीच.

बाई कागद हातात घेऊन बसल्या. "हे दोन्ही एकाच कुत्रीचं असेल, असं वाटत नाही मला. बाटली कसली होती? साखरेची, मधाची?"

"उकळून घेतली होती."

"नमुना खरंच पळीत धरलेला ना?"

"एकदा सांगितलं ना?"

"घरात कुणाला मधुमेह आहे?"

आता याचा काय संबंध? म्हटलं, "बाई, आमच्या घरात कुणाला काही नाही. जे आहे ते हिलाच आहे." मग म्हणाल्या, क्वचित मूत्रपिंडातूनच साखर गळते, तसं असेल तर गंभीर आहे. उद्या परत आणा, पोटातून सुई घालून नमुना घेते, म्हणजे खात्री होईल.

गळते! हा शब्द मला कळतो. मुख्य लाइनच फुटलीय, वर कितीही चिखल लावा. सुयाबिया काही नकोत, म्हणून उठलो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

मिरीला पाठवायचं ठरवलं. आमच्या खात्यातला चावीवाला, गावभरचे व्हॉल्व्ह मोठ्या चावीने उघडायचा-बंद करायचा, तो अजून पाण्याच्या टाकीच्या आवारात राहतो. एकटाच असतो. त्याला फोन केला, लगेच हो म्हणाला. उघड्यावर जागा आहे, काय करायचं ते करेल बिचारी.

हिला सांगितलं आणि घरात रडारड. एरवी हूं की चूं करत नाही. "तिला काही झालेलं नाही. तिला नका पाठवू."

"तुला काय माहीत? किडनी गळतेय तिची, डॉक्टर म्हणतात."

"ती नाही करत हो."

"मग कोण करतं? भुतं करतात?"

ही पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात मांडीवर, नजर त्या खडूच्या गोलांवर. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग म्हणाली, "माझ्याच हातून पाणी सांडतं."

"पुन्हा तेच! अगं, किती खोटं बोलशील एका कुत्र्यासाठी? रोज उठून एकाच रेषेत पाणी सांडतेस? मुद्दाम सांडतेस का?"

मुद्दाम म्हटल्याबरोबर ही गप्पच झाली. नळ बंद करावा तशी. मग उठून मिरीचं भांडं घासायला घेतलं. बायकांचं रडणं आणि थांबणं, दोन्ही मला कधी कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मिरीला पोहोचवून आलो. ही दारापर्यंतही आली नाही. मिरीच्या गळ्याशी तोंड नेऊन काही तरी पुटपुटली, आणि मला फक्त "माफ कर गं" एवढंच ऐकू आलं. माझं मन दगडाचं नाही. परत येताना दोनदा थांबलो. पण घर म्हणजे घर आहे, गोठा नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस फरशी कोरडी. गळती शून्य! नुसतं निदान करून उपयोग नसतो, हात घालावा लागतो.

हिचं तोंड सुकलंय. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच पलंगाजवळ असतो, एरवी दोन-दोन रिचवायची. रात्रीही खुर्चीवरच बसून काढते, म्हणते आडवं झालं की पाठीत कळ येते. दोन दिवसांत कुत्र्याचं दुःख जाईल.

२ मार्च, शनिवार

वेळ : सकाळी सहा चाळीस.
ठिकाण : पलंगापासून एक पाऊल.
कारण :

(दुपारी.) सकाळी एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. नंतर हिची हाक आली. हुडहुडी भरली होती, दात वाजत होते, कपाळ तव्यासारखं तापलेलं. दोन्ही हात पाठीवर दाबून धरले होते. त्याही स्थितीत पायाने फडकं ओलीवर सरकवत होती. गाडी बोलावली. इस्पितळात दाखल केलंय. कारणाचा रकाना कोराच आहे.

३ मार्च, रविवार

डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला उभ्यानेच विचारत होते. लघवीतला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. रक्तातली साखर चारशेच्या वर. कधीपासून मधुमेह आहे? मी म्हटलं, तिला काही नाही. ते म्हणाले, काही नाही असं कसं, चार-पाच महिने तरी अंगावर काढलंय. अर्धवट औषध घेतल्यासारखं दिसतंय, नेहमीच्या गोळीला जंतू दाद देत नाहीत. कसली गोळी दिलीत?

"कसलीच नाही," मी म्हणालो, आणि तेव्हाच माझ्या कानाशी सहाचा आकडा वाजला. वीसमधून दहा गेल्या, चार उरल्या, सहा कुठे गेल्या?

आत गेलो. नळी लावलीय, पिशवी खाली लोंबतेय. ही तापात होती. मी चादर नीट करायला वाकलो, तर हिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि चादर दोन्ही मुठींनी घट्ट धरली. सोडेचना. मी कान जवळ नेला.

"मुद्दाम नाही हो केलं," म्हणाली.

परिचारिका तिथेच होती. तिला वाटलं, वाताच्या भरात बडबडतेय.

६ मार्च, बुधवार

ताप उतरला. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. मेहुणी तीन दिवस तिथेच बसून आहे. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आज हिचे कपडे आणायला आमच्या घरी जाऊन आली, आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी हिचा सुईदोऱ्याचा डबा ठेवला. "उघडा, भाऊजी."

रिळांच्या खाली एक चिठोरं होतं, त्यात दोन गोळ्या. मिरीच्या. म्हणजे चार खाल्ल्या. एवढ्याशा कुत्रीच्या मापाच्या चार गोळ्यांवर ही बरी होणार होती.

"मला फोनवर सांगितलं होतं तिने," मेहुणी म्हणाली. "शपथ घातली होती, तुम्हाला कळता कामा नये. मी म्हणाले दवाखान्यात चल. तर म्हणे, ह्यांना काय सांगून निघू?"

"मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तिला?"

मेहुणी मग म्हणाली, "तुम्ही तुमच्या आईला चारचौघांत बोललात ना, तेव्हा ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळं घर म्हणायचं, आजी हट्टाने पाणी सोडून गेल्या. ताई एकटीच म्हणायची, हट्टाने नाही."

मी डबा बंद केला.

घरी आलो. भिंतीवर नकाशा होता. हिचा पलंग, बाथरूम, मधे चोवीस गोल. मी एकतीस वर्षं जमिनीला कान लावून रस्त्याखालचं पाणी ऐकलं. फाडून टाकला. मग बादली घेऊन गुडघ्यावर बसलो आणि खडू घासला. दुपार गेली. त्या गोलांवरून ही रोज ये-जा करत होती, माझ्या हस्ताक्षरातली तारीख वाचत.

७ मार्च, गुरुवार

आधी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडरला म्हटलं, गोळ्या बरोबर होत्या. तो "असू दे, काका" म्हणाला आणि वर बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, नमुना फरशीवरचा होता. त्यांनी एकच विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?" म्हणजे त्यांनाही कळलं. सगळ्यांना कळतं, नोंदवही सोडून.

मग मिरीला आणायला टाकीच्या आवारात गेलो. चावीवाला कौतुक सांगत होता. "साहेब, गुणी जनावर आहे हो. नऊ दिवसांत एकदाही जागा सोडून केलं नाही. कोपऱ्यात जाते, माती ओढते, परत येते." त्याने हाक मारली. मिरी शेपूट हलवत खोलीतून बाहेर आली, आणि मला बघून जागच्या जागी थिजली. कान पडले, मागचे पाय वाकले आणि तिच्या खाली ओल पसरत गेली.

"हे काय गं? कधी नाही ते," चावीवाला म्हणाला.

मी खिशातला रुमाल काढून खाली बसलो आणि पुसायला लागलो.

"अहो साहेब, मातीच आहे. जिरेल आपोआप."

तरी पुसत होतो. दुसरं काय करावं ते सुचेना.

९ मार्च, शनिवार

हिला सोडलं. इंजेक्शनं, गोळ्या, पथ्य, सगळ्याची यादी मेहुणीच्या हातात. मेहुणीची गाडी दाराशी उभी, मिरी आधीच मागच्या सीटवर. ही तिच्या शेजारी बसली आणि मिरीने डोकं हिच्या मांडीवर टाकलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

"मी खडू पुसलाय सगळा. नकाशा फाडला."

"हो का," म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, भांडून तरी घेतलं असतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तोंडात शब्द बसत नव्हता. "घरी चल. मी काही बोलणार नाही."

ही थोडं हसली. मिरीच्या कानामागे खाजवत म्हणाली, "धाकटीकडे काळी फरशी आहे हो. काही दिसत नाही."

गाडी गेली.

११ मार्च, सोमवार

वेळ : सकाळी साडेसहा.
ठिकाण : पलंग ते बाथरूम. नंतर संपूर्ण घर पाहिले.
गळती : शून्य.